घर ठरलं, कागद अडले: जुना फ्लॅट घेताना होणारा कायदेशीर उशीर कसा हाताळायचा

कोथरूडमधला तो फ्लॅट आम्हाला पहिल्याच भेटीत आवडला. १९९४ सालची इमारत, दुसरा मजला, स्वयंपाकघराच्या खिडकीशी बकुळीचं झाड. मालक म्हणाले, "कागद सगळे क्लिअर आहेत, तीन महिन्यांत किल्ली तुमच्या हातात." आम्ही दोन लाखांचा चेक दिला, साध्या कागदावर चार ओळींची पावती घेतली आणि भाड्याच्या घराच्या मालकीणबाईंना सांगून टाकलं की करार संपला की आम्ही निघतो.

किल्ली मिळाली ती अकराव्या महिन्यात. मधल्या काळात कर्जमंजुरीच्या पत्राची मुदत एकदा संपली, भाडेकरार वाढीव भाड्याने पुन्हा करावा लागला आणि मुलीची नव्या शाळेतली जागा गेली. फसवणूक कुणीच केली नव्हती. विकणारं कुटुंब सरळ होतं, आमचा वकील चांगला होता. तरी वेळ गेला, कारण पहिल्या आठवड्यात विचारायला हवे होते ते प्रश्न आम्ही चौथ्या महिन्यात विचारले, आणि तोपर्यंत आमचे पैसे पुढे निघून गेले होते.

त्या अकरा महिन्यांत जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितो. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायटीतला जुना, म्हणजे रिसेलचा फ्लॅट डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं आहे. बिल्डरकडच्या नव्या घराबद्दल आणि जमिनीबद्दल जाता जाता येईल. यातलं एकच सूत्र धरलंत तरी पुष्कळ: आपला पैसा कायम कागदाच्या एक पाऊल मागे राहिला पाहिजे.

टोकन देण्याआधी: कागदांची साखळी मांडून पाहा

घर पसंत पडलं की एजंट म्हणतो, "टोकन देऊन टाका, दुसरी पार्टी तयार आहे." खरंच तयार असेलही. तरी आठ दिवस मागून घ्या आणि मालकांकडून या कागदांच्या झेरॉक्स घ्या: बिल्डरने पहिल्या खरेदीदाराशी केलेला नोंदणीकृत करारनामा, त्यानंतरच्या प्रत्येक विक्रीचा दस्त, प्रत्येक दस्ताची सूची क्रमांक २ (बोलीभाषेत इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, भोगवटा प्रमाणपत्र, चालू मिळकतकराची पावती, वीजबिल आणि सोसायटीच्या देखभाल खर्चाची ताजी पावती.

मग एका कोऱ्या कागदावर नावांची साखळी काढा. बिल्डरकडून 'अ'ला, 'अ'कडून 'ब'ला, 'ब'कडून आज विकणाऱ्याला. जिथे एका नावावरून दुसऱ्या नावावर उडी आहे, पण मधे नोंदणीकृत दस्त नाही, तिथे उशीर दडलेला असतो. आमच्या साखळीत करारनामा वडिलांच्या नावाने होता, शेअर सर्टिफिकेट थोरल्या मुलाच्या नावाने होतं आणि या दोघांमध्ये कागद नव्हता. तो मी पाहिला होता. पण "वडील गेल्यावर माझ्या नावावर झालं" हे उत्तर मला पुरेसं वाटलं, तिथेच चुकलं.

ही साखळी खरी आहे का, हे वकील सर्च घेऊन, म्हणजे जुन्या नोंदी शोधून तपासतो. साधारण ३० वर्षांचा सर्च घ्यायचा रिवाज आहे. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये बरेच दस्त आपल्यालाही सापडतात, पण जुन्या नोंदींसाठी दुय्यम निबंधक कार्यालयातली पुस्तकं चाळावी लागतात. त्यात काही वर्षांची पानं जीर्ण झालेली किंवा न सापडणारी असतात, आणि मग सर्च रिपोर्टवर तसा शेरा येतो. तो शेरा तुमच्या बँकेला चालेल का, हे तेव्हाच विचारा. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर विकणाऱ्यांच्या नावाने दावे शोधायला अर्धा तास लागतो, तो द्या. मालमत्तेबद्दलचा दावा चालू असताना तुम्ही ती विकत घेतली, तर त्या दाव्याचा निकाल तुमच्यावरही बंधनकारक होतो.

वकील स्वतःचा नेमा. विकणाऱ्याचा किंवा एजंटचा नको. बँकेचा वकील बँकेसाठी काम करतो, आणि त्याचा अहवाल बहुतेकदा तुम्हाला वाचायलाही मिळत नाही.

विसारपावती: उशीर कुणाच्या खात्यावर जाईल, हे आधीच ठरवा

आमच्या पावतीवर रक्कम, तारीख आणि सही एवढंच होतं. मुदत नाही, अटी नाहीत, पैसे कधी परत मिळतील ते नाही. उशीर सुरू झाल्यावर बोलायला आमच्या हातात काही उरलं नाही. म्हणून टोकन कितीही लहान असो, विसारपावती वकिलाकडून लिहून घ्या आणि तीत या गोष्टी येऊ द्या.

विकणारे कोण, आणि त्यांच्याशिवाय या घरात कुणाचा हक्क नाही असं त्यांचं विधान. कोणते मूळ कागद त्यांच्याकडे आहेत आणि कोणते नाहीत. व्यवहाराची मुदत, पण ती पावतीच्या तारखेपासून मोजायची नाही. "विकणाऱ्याने पुढील कागद पूर्ण करून दिल्यापासून ६० दिवस" असं लिहायचं. या एका वाक्यामुळे घड्याळाचा काटा योग्य माणसाकडे वळतो. हक्कात दोष निघाला, जाहीर नोटिशीला हरकत आली किंवा कागदांमुळे बँकेने कर्ज नाकारलं, तर संपूर्ण रक्कम इतक्या दिवसांत परत, हेही लिहायचं. आणि शेवटचा दिवस ठरवायचा, ज्यानंतर खरेदीदाराला हवं असेल तर तो व्यवहारातून बाहेर पडू शकेल.

मग जाहीर नोटीस. कायद्याने ती प्रत्येक व्यवहारात सक्तीची नाही, पण जुन्या घराच्या बाबतीत मी ती वगळणार नाही. एका मराठी आणि एका इंग्रजी वर्तमानपत्रात, बहुधा १४ किंवा १५ दिवसांची मुदत देऊन. मोठी रक्कम देण्याआधी द्यायची, नंतर नाही.

वारस: सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो

या भागावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण आमचे जवळपास सहा महिने इथे गेले आणि ओळखीच्या बऱ्याच घरांत हेच घडताना पाहिलं आहे.

मूळ मालक वारले असतील तर पहिला प्रश्न एकच: वारस कोण कोण? सोसायटीने नॉमिनीच्या नावावर शेअर सर्टिफिकेट केलं म्हणजे नॉमिनी मालक झाला, असा समज घरोघरी आहे. नॉमिनी ही सोसायटीच्या सोयीची व्यवस्था आहे. पत्रव्यवहार कुणाशी करायचा, देखभाल खर्च कुणाकडून घ्यायचा, एवढ्यापुरती. मालकी वारसाहक्काच्या कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरते. नॉमिनी वारसांपैकी एक असेल, तर त्याला त्याच्या हिश्श्यापेक्षा जास्त काही विकता येत नाही.

हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता वारला, तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार त्याच्या स्वकष्टार्जित घरात पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असेल तर आई, यांचे समान हिस्से पडतात. आमच्या व्यवहारात आई, दोन मुलगे आणि लग्न होऊन न्यू जर्सीला गेलेली मुलगी, असे चार वारस होते. प्रत्येकाचा चौथा हिस्सा. आम्ही पैसे दिले होते फक्त थोरल्याला. धाकट्याला हे घर विकायचं ठरल्याचं आमच्या वकिलाच्या फोनमुळे कळलं. त्यानंतर भावाभावांत जे बोलणं झालं, ते मिटायलाच दीड महिना गेला. त्यांच्या आईने मला एकदा फोन करून विचारलं होतं, "तुम्ही आमच्याबद्दल वाईट तर नाही ना वाटून घेत?" त्या दिवसापासून मी तगादा लावायचा सूर बदलला. वारसांचे प्रश्न कागदाचे असतात तितकेच मनाचे असतात, आणि खरेदीदार घाई करू लागला की भावंडांमधली गाठ आणखी आवळते.

इथे मार्ग तीन.

पहिला, आणि माझ्या मते सर्वात चांगला: सगळे वारस खरेदीखतात 'लिहून देणार' म्हणून स्वतः सही करतात. सोबत मृत्यूचा दाखला, वारस एवढेच असल्याचं प्रतिज्ञापत्र आणि जाहीर नोटीस. एकच दस्त, एकच नोंदणी.

दुसरा: बाकीचे वारस एकाच्या लाभात हक्कसोडपत्र करून देतात आणि मग तो एकटा विकतो. हक्कसोडपत्र नोंदणीकृतच हवं. "ताईने तोंडी सांगितलंय, तिला काही नको" याला अर्थ नाही, आणि नोटरीसमोर केलेल्या कागदालाही नाही.

तिसरा: वारस कोण याबद्दलच शंका किंवा वाद असेल, किंवा बँक अडून बसली असेल, तर न्यायालयातून वारस दाखला घ्यायचा. आपल्याकडे तो १८२७ च्या मुंबई विनियम ८ खाली दिवाणी न्यायालय देतं. नोटीस काढावी लागते, हरकतींसाठी वेळ द्यावा लागतो, आणि हरकत आली तर प्रकरण लांबतं. याला महिने लागतात, म्हणून गरज आहे का ते बँकेच्या वकिलाकडून लेखी घ्या. उत्तराधिकार प्रमाणपत्र म्हणून जो वेगळा कागद असतो, तो बँकेतल्या ठेवी, शेअर्स, येणी अशा गोष्टींसाठी. घराच्या कामासाठी तो काढायला निघालेली माणसं मी पाहिली आहेत. वेळ आणि वकिलाची फी दोन्ही वाया गेली.

मृत्युपत्र असेल, तर ते मूळ स्वरूपात पाहा, साक्षीदार हयात आहेत का विचारा, आणि प्रोबेट (न्यायालयाने मृत्युपत्र खरं असल्याचं दिलेलं प्रमाणपत्र) लागेल की नाही ते वकिलाकडून स्पष्ट करून घ्या. वारसांमध्ये अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालचं मूल असेल, तर त्याच्या हिश्श्याच्या विक्रीला न्यायालयाची परवानगी लागते. ती नसेल, तर मूल सज्ञान झाल्यावर व्यवहाराला आव्हान देऊ शकतं. अशा वेळी परवानगी येईपर्यंत टोकनच्या पुढे एक रुपयाही देऊ नका.

वयोवृद्ध किंवा अंथरुणाला खिळलेल्या वारसासाठी एक सोय आहे, ती फार थोड्यांना माहीत असते. योग्य कारण देऊन, ठरलेली फी भरून अर्ज केला, तर नोंदणी अधिकारी घरी येऊन सही आणि अंगठा घेतात. याला गृहभेट म्हणतात. विकणाऱ्या भावंडांच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, आणि गृहभेटीमुळे आमचा किमान एक महिना वाचला.

परदेशातला वारस आणि मुखत्यारपत्र

न्यू जर्सीच्या मुलीने भावाला मुखत्यारपत्र पाठवायचं ठरवलं. पहिलं मुखत्यारपत्र फेटाळलं गेलं, कारण त्यात फ्लॅटचं वर्णन नव्हतं. दुसरं अडलं ते नावावर: पासपोर्टवर सासरचं नाव, वारसांच्या प्रतिज्ञापत्रात माहेरचं. शेवटी विवाह प्रमाणपत्राची प्रत जोडून नव्याने केलं. प्रत्येक फेरीला एक महिना.

त्यामुळे मसुदा आधी इथल्या वकिलाने करावा, तुमच्या वकिलाने आणि बँकेने तो वाचावा, आणि मगच तो परदेशी पाठवावा. त्यात घराचं पूर्ण वर्णन, विकण्याचा, रक्कम स्वीकारण्याचा आणि दुय्यम निबंधकासमोर दस्त कबूल करण्याचा अधिकार, हे स्पष्ट हवं. तिथे ते भारतीय वकिलातीत साक्षांकित करतात, किंवा नोटरीसमोर सही करून त्यावर अपोस्टिल (कागद खरा असल्याचा तिथल्या सरकारचा शिक्का) घेतात. कागद भारतात आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. पाकिटावरची तारीख जपून ठेवा. जवळच्या नात्यात, मोबदला न घेता दिलेल्या मुखत्यारपत्राला शुल्क नाममात्र असतं.

नोंदणीच्या दिवशी मुखत्याराला घोषणापत्र द्यावं लागतं, की लिहून देणारी व्यक्ती हयात आहे आणि मुखत्यारपत्र रद्द झालेलं नाही. मुखत्यारपत्र देणाऱ्याच्या मृत्यूनंतर ते संपतं. म्हणून जुन्या मुखत्यारपत्रावर विसंबून घर घेऊ नका. आणि नुसत्या मुखत्यारपत्रावर घर 'विकलं' असं कुणी सांगत असेल, तर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितलं आहे की त्याने मालकी जात नाही.

परदेशस्थ विक्रेत्यामुळे करकपातीचं गणितही बदलतं. सगळे विक्रेते भारतात राहणारे असतील आणि व्यवहार ५० लाख किंवा त्याहून मोठा असेल, तर खरेदीदाराने १ टक्का टीडीएस कापून भरायचा. विक्रेता अनिवासी असेल, तर ती ५० लाखांची मर्यादा लागू नाही आणि दर बराच जास्त असतो. त्याने आयकर विभागाकडून कमी कपातीचं प्रमाणपत्र आणलं, तर कपात कमी करता येते, पण त्याला काही आठवडे लागतात. हे काम मुखत्यारपत्राच्या बरोबरीने सुरू करायला सांगा. आम्ही ते मुखत्यारपत्र आल्यानंतर सुरू केलं. एका चार्टर्ड अकाउंटंटला या टप्प्यावर दिलेली फी मला कधीच जड वाटली नाही. टीडीएस कापला नाही, तर जबाबदारी खरेदीदारावर येते.

मूळ कागद गहाळ असतील, किंवा बँकेत अडकले असतील

जुन्या घरांत पहिला करारनामा सापडत नाही, हे नेहमीचं. त्याचा क्रम ठरलेला आहे: पोलिसांत गहाळ झाल्याची नोंद, वर्तमानपत्रात नोटीस, दुय्यम निबंधकाकडून दस्ताची प्रमाणित प्रत, आणि विक्रेत्यांचं प्रतिज्ञापत्र व क्षतिपूर्ती बंधपत्र (पुढे नुकसान झालं तर भरून देण्याची लेखी हमी). या चार गोष्टी समांतर चालवता येतात. आम्ही एकामागून एक केल्या.

पोलिसांत जाण्याआधी मात्र विक्रेत्याला पूर्वी कर्ज होतं का ते विचारा. कर्ज फिटून वर्षं झाली तरी कागद बँकेतच पडून असतात. रिझर्व्ह बँकेच्या १३ सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकाप्रमाणे कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत करणं आणि बोजा उतरवणं बँकेवर बंधनकारक आहे. १ डिसेंबर २०२३ पासून पुढच्या प्रकरणांना हे लागू आहे. बँकेच्या चुकीने उशीर झाला, तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. कागद बँकेकडूनच हरवले किंवा खराब झाले, तर प्रमाणित प्रती मिळवून द्यायला तिने मदत करायची आणि खर्चही उचलायचा. त्यासाठी तिला आणखी ३० दिवस मिळतात.

विक्रेत्याचं कर्ज अजून चालू असेल, तर घाबरायचं कारण नाही, फक्त क्रम चुकवू नका. त्याच्या बँकेकडून थकबाकीचं पत्र आणि जमा कागदांची यादी घ्या. तुमची बँक थेट त्या कर्जखात्यात रक्कम भरते, विक्रेत्याच्या बचत खात्यात नाही. उरलेली रक्कम कागद हातात आल्यावर.

सोसायटी

व्यवस्थापन समितीचा सचिव गावाला गेला आहे, मीटिंग पुढच्या महिन्यात आहे, इमारत निधीला 'देणगी' द्या मग पाहू. हे सगळं ऐकायला मिळू शकतं. तुमची बाजू अशी: आदर्श उपविधींनुसार (सोसायट्यांच्या नमुना नियमावलीनुसार) फ्लॅटच्या हस्तांतरणासाठी सोसायटीचं ना हरकत प्रमाणपत्र सक्तीचं नाही; विक्रेत्याने सोसायटीला १५ दिवसांची पूर्वसूचना द्यायची असते. बँकेला ते प्रमाणपत्र हवं असतं, म्हणून आपण मागतो, आणि मागितल्यावर समितीने महिनाभरात निर्णय घ्यायचा असतो. हस्तांतरण अधिमूल्याची, म्हणजे फ्लॅट नव्या नावावर करताना सोसायटी घेते त्या रकमेची कमाल मर्यादा ९ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने महापालिका क्षेत्रात २५,००० रुपये ठरलेली आहे. त्यावर देणगीची सक्ती करता येत नाही.

अर्ज नेहमी लेखी द्या आणि पोच घ्या. सदस्यत्वाच्या अर्जावर तीन महिन्यांत काहीच कळवलं नाही, तर सहकारी संस्था कायद्याप्रमाणे तुम्ही सदस्य झालात असं मानलं जातं. अर्ज नाकारला, तर उपनिबंधकाकडे अपील आहे. पण याच माणसांच्या शेजारी तुम्हाला पुढची वीस वर्षं राहायचं आहे. मी आधी अध्यक्षांच्या घरी चहाला गेलो, आणि उपविधींची प्रत पिशवीतच ठेवली. काम झालं.

जमीन कुणाची आहे, हेही इथेच विचारा. सोसायटी जिल्हाधिकाऱ्यांच्या जमिनीवर असेल, सिडकोच्या भाडेपट्ट्यावर असेल किंवा म्हाडाची असेल, तर त्या त्या कार्यालयाची परवानगी आणि हस्तांतरण शुल्क लागतं. ही परवानगी सोसायटीच्या पत्रासारखी लवकर येत नाही. म्हाडाच्या सोडतीतलं घर पाच वर्षं विकता येत नाही. आणि बिल्डरने सोसायटीच्या नावे अभिहस्तांतरण केलं आहे का, म्हणजे जमीन आणि इमारत तिच्या मालकीची करून दिली आहे का? केलं नसेल, तर मानीव अभिहस्तांतरणाचा (बिल्डरच्या सहीशिवाय होणाऱ्या हस्तांतरणाचा) अर्ज जिल्हा उपनिबंधकाकडे करता येतो. त्यासाठी खरेदी थांबवायची गरज नाही, पण पुनर्विकासाचा विचार करून जास्त किंमत मोजत असाल तर याचा हिशोब धरा.

नोंदणी

मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडीरेकनरची (सरकारी दरपत्रकातली) किंमत यातली जी जास्त, तिच्यावर. पुणे शहरात ते एकूण ७ टक्के, मुंबईत ६ टक्के. सगळ्या खरेदीदार महिला असतील तर घरासाठी १ टक्का सवलत. नोंदणी फी १ टक्का, पण ३० लाखांपुढच्या घराला कमाल ३०,००० रुपये. ८० लाखांच्या घराला पुण्यात ५ लाख ६० हजार अधिक ३० हजार. ही रक्कम बँक कर्जात धरत नाही, हे आधीच लक्षात ठेवा.

आता मुदती. दस्तावर सह्या झाल्यापासून चार महिन्यांत तो नोंदणीसाठी सादर करावा लागतो. त्यानंतर आणखी चार महिने मिळू शकतात, पण नोंदणी फीच्या दहा पटीपर्यंत दंड भरून. सगळ्या लिहून देणाऱ्यांनी एकाच दिवशी यायला हवं असं नाही. मुदतीच्या आत वेगवेगळ्या दिवशी येऊन कबुली देता येते. धाकटा भाऊ नोकरीनिमित्त चेन्नईला होता, त्याने बारा दिवसांनी येऊन सही केली. आणि व्यवहार रद्द झाला, तर भरलेल्या शुल्काच्या परताव्यासाठी साधारणपणे सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. म्हणून वारसांचा गोंधळ सुटण्याआधी "साठेखत तरी करून टाकू" म्हणून, म्हणजे पुढे विकण्याचा नुसता करार करून, लाखोंचं शुल्क भरू नका.

एरवी व्यवहार लांबणार असेल आणि कागद स्वच्छ असतील, तर साठेखत नोंदवणं फायद्याचं आहे. ते सूचीत दिसतं, त्यामुळे विक्रेता तेच घर दुसऱ्याला विकायला गेला तर पुढचा माणूस सावध होतो.

दुय्यम निबंधक कार्यालयात वेळ ऑनलाइन घ्या, सकाळची घ्या. सर्व्हर बंद पडला की दुपारनंतरचे लोक दुसऱ्या दिवसावर ढकलले जातात. दोन साक्षीदार, सगळ्यांची मूळ ओळखपत्रं आणि आधार-पॅनवरचं स्पेलिंग आदल्या रात्री तपासलेलं.

वाट पाहण्याच्या काळात

कर्जमंजुरीच्या पत्रावरची मुदत पाहा. ती बहुधा तीन ते सहा महिन्यांची असते. संपायच्या पंधरा दिवस आधी मुदतवाढ मागा. संपल्यावर मागितली, तर नव्या व्याजदराने सगळी फाइल पुन्हा. भाडेकरार एक-एक महिन्याने वाढवता येईल असा करा. शाळा, बदली, सामान यांचे निर्णय नोंदणीची पावती हातात आल्यावर घ्या.

आणि एक वही ठेवा. कोणता कागद, कुणाकडे, कधी मागितला, काय उत्तर आलं. दर सोमवारी विक्रेत्याला व्हॉट्सअॅपवर दोन ओळींचा नम्र निरोप, आणि महिन्यातून एकदा ईमेल. ही वही पुढे कायदेशीर कामालाही येते, ते असं: विक्रेता मागे फिरला, तर विनिर्दिष्ट पूर्ततेचा दावा लावता येतो, म्हणजे 'ठरल्याप्रमाणे खरेदीखत करून दे' असा. त्याला मुदत तीन वर्षांची. ठरलेली तारीख असेल तर त्या तारखेपासून. नसेल तर नकार कळल्यापासून. पण आपण आपला शब्द पाळायला तयार होतो आणि आहोत, पैसे उभे होते, हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. मंजुरीची पत्रं, बँकेचे उतारे, पाठवलेले निरोप, हाच तो पुरावा.

दावा लावायचा का? माझं मत स्पष्ट आहे. मोठी रक्कम गेली असेल किंवा विक्रेता घर दुसऱ्याला विकायच्या बेतात असेल, तर नोटीस पाठवून, मनाई हुकूम मागून लगेच दावा लावा. फक्त टोकन अडकलं असेल आणि वारसांचं भांडण मिटण्याची चिन्हं नसतील, तर पैसे परत घेऊन दुसरं घर शोधा. दिवाणी दाव्यात जाणारी वर्षं आपल्या राहण्याच्या वयातली असतात.

बिल्डरकडून नवं घर घेताना रस्ता वेगळा आणि थोडा सोपा आहे. नोंदणीकृत करार झाल्याशिवाय बिल्डर १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. करारातली ताब्याची तारीख चुकली, तर रेराच्या (स्थावर मालमत्ता नियमन कायद्याच्या) कलम १८ खाली दोन पर्याय: बाहेर पडून व्याजासह पैसे परत, किंवा व्यवहारात राहून ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज. महाराष्ट्रात हे व्याज स्टेट बँकेच्या कर्जदरावर २ टक्के असं मोजतात. महारेराकडे (या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे) तक्रार ऑनलाइन करता येते. ताबापत्रावर 'माझी काही तक्रार नाही' अशी ओळ छापलेली असेल, तर ती खोडल्याशिवाय सही करू नका.

नोंदणीनंतरची शेवटची धाव

दस्त नोंदला की लोक पेढे वाटून फाइल कपाटात टाकतात. अजून कामं आहेत. टीडीएस कापला त्या महिन्याच्या अखेरीपासून ३० दिवसांत भरायचा. सूची २ ची प्रत काढून त्यातलं नाव, क्षेत्रफळ आणि सदनिका क्रमांक तपासायचा; चूक असेल तर सगळे विक्रेते भेटण्याजोगे आहेत तोवर चूकदुरुस्ती लेख करून घ्यायचा. सोसायटीत सदस्यत्वाचा अर्ज मूळ शेअर सर्टिफिकेटसह. महावितरणकडे वीजजोडणीचं नाव, महापालिकेत मिळकतकराचं नाव.

स्वतंत्र बंगला किंवा प्लॉट असेल, तर सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवर फेरफार लागतो. नोंद धरल्यावर हितसंबंधितांना नोटीस जाते आणि हरकतीसाठी १५ दिवस मिळतात. हरकत आली तर नोंद तक्रारी ठरते आणि सुनावणी लागते, म्हणून त्या पंधरवड्यात तलाठी किंवा नगर भूमापन कार्यालयात स्वतः जाऊन विचारून या. ठरल्या मुदतीत काम झालं नाही आणि ती सेवा लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित असेल, तर 'आपले सरकार'वरून अपील करता येतं.

आमच्याकडे सर्वात शेवटी आलं ते मिळकतकराचं बिल, ताबा मिळाल्यावर चार महिन्यांनी, माझ्या आणि बायकोच्या नावाने. ते फाइलला लावलं आणि वहीतली शेवटची ओळ खोडली.